हौद्यातलं पाणी कुठे जातं, ते आधी बघा

प्रश्न : माझ्या बाबांची जुनी पिकअप दहा-बारा वर्षं एकाच जागी उभी आहे. बाबा आता नाहीत. मी त्यांची धाकटी मुलगी. मेकॅनिकने इंजिन बघितलं, ते सुरू होतं. पण बॉडीची दशा वाईट आहे. केबिनच्या मागच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांना बोट जाईल एवढी भोकं पडली आहेत, दरवाजाखालचा पत्रा सडलाय, हौद्याचा तळ गंजलाय आणि डाव्या मडगार्डला मोठा पोचा आहे. एक पेंटर म्हणाला, "आठ दिवसांत पुट्टी भरून नवी करून देतो." दुसरा म्हणाला, "भंगारात घाला." भाऊही तेच म्हणतो. मला ती चालवायची आहे, नुसती मांडून ठेवायची नाही. वेल्डिंगचा प्राथमिक कोर्स केलाय, शनिवार-रविवार मोकळे असतात. एकच अट आहे. फाळक्यावर बाबांनी स्वतःच्या हाताने माझं आणि दादाचं नाव रंगवलंय, त्याला धक्का लागता कामा नये. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

ताई, फाळक्याचं सविस्तर शेवटी लिहितो, कारण कामातही त्याचा नंबर शेवटीच येतो. पण नावं राहतील. तेवढं आधी ऐकून ठेवा, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

भंगारात घाला म्हणणाऱ्यावर रागावू नका. त्याचं म्हणणं खरं की खोटं हे ज्या जागी ठरतं, ती जागा तुमच्या पत्रात आलेलीच नाही. जुन्या बहुतेक पिकअपमध्ये केबिन आणि हौदा हे दोन वेगळे डबे असतात आणि ते खालच्या शिडीसारख्या चेसिसवर बोल्टने बसवलेले असतात. डबे कितीही सडले तरी कापून जोडता येतात, दुसऱ्या गाडीचे आणून बसवताही येतात. चेसिस सडली असेल तर मात्र पुढचा सगळा खर्च आणि मेहनत पाण्यात जाते.

म्हणून पहिल्या शनिवारी लहान हातोडी, जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च घ्या. गाडी पक्क्या स्टँडवर उभी करा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. मग चेसिसवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातोडीने हलके ठोके मारत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. फरक कानाला लगेच कळतो. जिथे बद्द वाजेल तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, केबिन ज्यावर बसते ते माउंट, पेट्रोलच्या टाकीवरचा झाकलेला भाग आणि जिथे एका पट्टीवर दुसरी पट्टी चढवलेली आहे अशा जागा जास्त वेळ देऊन तपासा. स्क्रू-ड्रायव्हर आत घुसला, तर ते काम तुमच्या कोर्सच्या पलीकडचं आहे. चेसिस, केबिनचे माउंट आणि सीट बेल्टचा बोल्ट ज्या पत्र्यात बसतो ती जागा, या तीन ठिकाणचं वेल्डिंग मुरलेल्या वेल्डरकडूनच करून घ्या. अपघाताच्या क्षणी माणसाचा जीव त्याच टाक्यांवर असतो, म्हणून याबाबतीत मी कुणालाही सूट देत नाही. आणि चेसिस आरपार सडलेली निघाली, तर दादाचं म्हणणं मान्य करून फाळका तेवढा काढून घ्या.

चेसिस चांगली निघाली असं धरून पुढे जातो. दुसरं काम रविवारचं, आणि त्यात दादाला ओढा. केबिनमधलं मॅट, सीट आणि आतली अस्तरं काढून टाका. त्याला टॉर्च देऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपने बारीक धारेचं पाणी सोडा. आधी खालच्या बाजूला, मग हळूहळू वर. थेट टपावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून आत शिरलं ते कळत नाही. खालून वर गेलं की ज्या उंचीला आत थेंब दिसेल, तिथेच वाट आहे. बहुतेक वेळा ती मागच्या काचेच्या कडक झालेल्या रबराखाली सापडते, किंवा टपाच्या पन्हाळीच्या सांध्यात. पाणी तिथून पत्र्याच्या आतल्या अंगाने उतरतं आणि केबिनच्या कोपऱ्यात साचतं. त्या कोपऱ्याला आणि दरवाजांना खालून निचऱ्याची भोकं असतात. त्यात तार घालून बघा. काळा, ओला, पानांचा कुजलेला गाळ बाहेर येईल. तुमच्या केबिनचे कोपरे त्या गाळाने खाल्लेत. बाहेर बोट जाईल एवढं भोक दिसतं, तेव्हा आतला पत्रा त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो शिरला की सांधा फुगवतो, उघडतो आणि पुढच्या पाण्याला आणखी मोठी वाट करून देतो. पाण्याची वाट न बुजवता वरून केलेलं कुठलंही काम टिकत नाही. काचेचं रबर, पन्हाळीचं सीलंट, निचऱ्याची भोकं ही बारीक कामं आहेत, पण बाकीच्या सगळ्या कामाचं आयुष्य त्यांच्यावर ठरतं.

आता आठ दिवसांत नवी करून देणाऱ्याबद्दल. तो खोटं बोलत नाही. आठ दिवसांनी गाडी खरंच नवी दिसेल. पुट्टी म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमध्ये कालवलेली टाल्कची पूड. ती ओलावा शोषते. भोकामागे जाळी लावून वर पुट्टी थापली, की मागून ओल येते, कडेने गंज चालू राहतो आणि वरचा रंग फुगतो. मी हे माझ्या हाताने केलेलं आहे. सुरुवातीच्या काळात एका केबिनच्या कोपऱ्यावर पत्र्याचं ठिगळ रिव्हेटने मारलं, वर पुट्टी चढवली, रंग मारला. मालक खूश झाला, मीही खूश झालो. दोन वर्षांनी तीच गाडी परत आली तेव्हा ठिगळ अंगठ्याने दाबलं तर आत गेलं. ठिगळ आणि जुना पत्रा यांच्यामध्ये पाणी बसलं होतं, आणि आधी मुठीएवढी असलेली सड आता हातभर झाली होती. कापायचा भाग मीच वाढवून ठेवला होता.

तुमच्या गाडीवर आधीच कुणी पुट्टी लपवलीय का, ते बघायला एक लहान चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली पुट्टी आहे. मात्र पत्रा मुळातच लोखंडी नसेल तर ही परीक्षा चालत नाही. 1955 च्या शेवरोले कॅमिओच्या हौद्याच्या बाहेरच्या बाजू फायबरच्या होत्या आणि 2015 पासूनच्या फोर्ड एफ-150 ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. तुमच्या गाडीला इतका गंज आहे म्हणजे चुंबक तिला चिकटेल.

कापाकापीला हात घालण्याआधी एक गोष्ट करा, जी न केल्याचा पश्चात्ताप मी अजून विसरलेलो नाही. दरवाजाखालचा उंबरा, म्हणजे सिल, केबिनला खालून ताठ धरून ठेवतो. तो कापला की केबिन किंचित बसते, किंचित पसरते. डोळ्यांना दिसत नाही. मी एकदा उंबरा कापून, नवा बसवून, पूर्ण वेल्ड करून, घासून गुळगुळीत केला आणि मग दरवाजा लावायला गेलो. तो लागेना. सगळं काम पुन्हा कापलं. तेव्हापासून मी आधी दरवाजा बंद करून चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवतो. मग दरवाजाच्या मोकळ्या चौकटीत आडवी आणि तिरपी अशा दोन चौकोनी नळ्या टाके मारून, म्हणजे ठिपक्यांएवढं वेल्ड करून बसवतो आणि त्यानंतरच कापतो. एका वेळी एकच बाजू. नवा उंबरा टाक्यांवर असतानाच दरवाजा लावून फटी पुन्हा मोजायच्या, त्या जुळल्या तरच पूर्ण वेल्ड.

कापताना चकाकणारा पत्रा लागेपर्यंत मागे जा. भोकाच्या कडेला दोन बोटं चांगलं वाटतं तिथेही पत्रा आतून कागदासारखा झालेला असतो, आणि अशा पत्र्याला वेल्डिंग लागलं की तो जळून जातो. जिथे गंज वरवरचा आहे आणि खाली पत्रा शाबूत आहे, तिथे फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर चालतं. ते गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. सडलेल्या कडेवर मात्र त्याचा काही उपयोग नाही.

नव्या पत्र्याची जाडी जुन्याला जुळती घ्या. जुन्या पिकअपला बहुधा 0.9 ते 1.2 मिलिमीटरचा पत्रा असतो, तुमच्या गाडीचा चांगला भाग मोजून खात्री करा. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, जागेवर धरून बघा, मगच पत्रा कापा. ठिगळ वर चढवू नका, कडेला कड भिडवून बसवा. मध्ये वेल्डिंगच्या तारेएवढी फट ठेवा. मिग वेल्डिंगला 0.6 मिलिमीटरची तार, आणि आर्गनमध्ये साधारण 20 ते 25 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला गॅस. कोर्समध्ये तुम्हाला सलग ओळ ओढायला शिकवलं असेल. इथे ते विसरा. एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला, एक मधे, आणि प्रत्येक टाका हात लावता येईल इतका निवेपर्यंत थांबा. घाई केली की पत्रा तापतो, आक्रसतो आणि सगळी सपाट बाजू लाटांसारखी होते. वेल्ड घासतानाही तसंच. ग्राइंडर एकाच जागी धरला तर तोही पत्रा तापवून वाकडा करतो. आधी टाकाऊ पत्र्यावर दोन शनिवार-रविवार हात बसवा. ते वाया जात नाहीत.

वेल्डिंगआधी बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी गाडीपासून दूर न्या, मागच्या अंगाला डांबरी अस्तर किंवा फोम चिकटलेला असेल तर खरवडून काढा. अग्निशामक हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर तासभर गाडीजवळून हलू नका. आतल्या पोकळीत पेटलेली ठिणगी उशिरा बाहेर येते. दोन गोष्टी नव्या माणसाला कुणी सांगत नाही, म्हणून ठळकपणे सांगतो. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग कधीही करू नका. आचेने आणि आर्कच्या किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, आणि तो थोडा श्वासात गेला तरी फुप्फुसांचा घात करतो. दुसरं, इतक्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवू नका. रंगाचा थर पाणी वापरून ओलाच घासा, धुळीचा चांगला मास्क लावा, आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

मडगार्डच्या पोच्यात तुम्हाला आनंद मिळेल, असा माझा अनुभव सांगतो. सगळ्या कामात मला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो. मडगार्ड खोलून बाकावर घ्या. पोचा दिसला की हात आपोआप मधल्या सगळ्यात खोल जागेकडे जातो आणि माणूस मागून तिथे ठोकायला लागतो. तसं करू नका. पत्रा आत गेला तेव्हा त्याच्या भोवती एक उंचवटा उठला, आणि तोच उंचवटा पोच्याला कुलूप लावून बसलाय. डॉली, म्हणजे तो हातात मावणारा पोलादी ठोकळा, मागून खोल जागेवर दाबून धरा आणि बाहेरून हातोडीने त्या उंचवट्यावर हलके ठोके द्या. सगळ्यात बाहेरच्या टोकापासून सुरू करा, कारण धडक बसताना ती दुमड शेवटी पडली, ती आधी सोडवायची. पाच-दहा ठोक्यांनंतर थांबा, पातळ सुती हातमोजा घाला, डोळे मिटा आणि तळहात आडवा फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचसखल भाग तळहाताला कळतो. मग पुन्हा पाच-दहा ठोके. एखाद्या क्षणी डॉलीच्या दाबाने पोच्याचा मोठा भाग एकदम 'टप्प' करून वर येतो. तो आवाज ऐकला की तुम्ही बरोबर करताय.

डॉलीच्या बरोबर वर हातोडी बसली तर पत्रा दोन पोलादांमध्ये चेपला जाऊन पसरतो. थोडं चालतं, फार झालं तर पत्रा सैल पडतो आणि अंगठ्याने दाबला की डबडबतो. तशी वेळ आलीच, तर नाण्याएवढी जागा लाल होईपर्यंत तापवून ओल्या कापडाने थंड करतात, त्याने पत्रा आक्रसतो. पण ते शिकायला दुसरा एखादा भंगार पत्रा घ्या, बाबांचं मडगार्ड नको.

एवढं झालं की पुट्टीला तिची योग्य जागा मिळते. स्वच्छ उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी, घासून झाल्यावर जास्तीत जास्त 3 मिलिमीटर. हार्डनर वजनाने 2 टक्क्यांच्या आसपास. लवकर सुकावं म्हणून जास्त टाकला तर बारीक छिद्रं पडतात आणि पुढे रंगातून डाग वर येतो. पुट्टी कोरडीच घासा, पाण्याने नको. 80 नंबरच्या पेपरने आकार द्या, 180 ने ओरखडे काढा, मग जाड बसणारा प्रायमर आणि 400. साधा प्रायमर मारून गाडी उघड्यावर ठेवू नका, त्यातून पाणी आत झिरपतं.

हौद्याचा तळ वरून बघून ठरवू नका. खालच्या आडव्या पट्ट्या आणि तळाचा पत्रा यांच्या सांध्यात खरी सड असते. हौदा बोल्ट काढून उचलून उलटा केला तर काम निम्मं सोपं होतं. जाम बोल्टांना चार दिवस आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल सोडत राहा. तळ लाकडी फळ्यांचा असेल तर फळ्या बदला, पण बसवण्याआधी सहाही बाजूंनी तेल किंवा वॉर्निश पाजा, विशेषतः कापलेली टोकं.

रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चालवायच्या गाडीला साधा एकथरी इनॅमल पुरेसा आहे. ओरखडा पडला तर तुम्हीच घासून डागडुजी करू शकता. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन घटकांचा रंग जास्त चमकतो आणि टिकतोही, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते वासावरून वेळेत कळत नाहीत, आणि एकदा शरीराने त्यांचा धसका घेतला की दमा आयुष्यभर पाठीशी लागू शकतो. साधा कोळशाचा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. तोच रंग हवा असेल तर प्रायमरपर्यंत सगळं तुम्ही करा आणि शेवटचा हात तशी सोय असलेल्या स्प्रे बूथवाल्याला द्या. रंग वाळला की लांब नळीच्या नोझलने उंबऱ्यात, केबिनच्या कोपऱ्यांत आणि दरवाजांच्या पोटात कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत भरायचं गंजरोधक मेण भरा, निचऱ्याच्या भोकांतून ते टपकेपर्यंत. मग त्याच भोकांत पुन्हा तार घाला, नाहीतर तीच बुजून बसतील.

आता फाळका. काहीही करण्याआधी तो सरळ समोरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, ढगाळ उजेडात फोटोत घ्या. मग ट्रेसिंग पेपर चिकटपट्टीने फक्त कडांना लावून दोन्ही नावं पेन्सिलीने उतरवा. ब्रश कुठे टेकला, कुठे उचलला, रंग कुठे पातळ झाला, तेही खुणेने लिहा. एवढं कागदावर आलं की मनातली धाकधूक जाते आणि हात मोकळा चालतो. फाळक्याला सड असते ती बहुधा खालच्या दुमडीत. तेवढीच पट्टी कापा. टाके मारताना नावांच्या खाली ओल्या कापडाचा जाड पट्टा कायम ठेवा आणि दोन टाक्यांमध्ये नेहमीपेक्षा दुप्पट वेळ थांबा. पत्र्याच्या मागच्या बाजूला तळहात लावून बघा; चटका बसला तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा.

नावांवर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर मारू नका. त्यातलं थिनर जुन्या इनॅमलला सुरकुत्या पाडू शकतं. सौम्य साबणाचं पाणी, मऊ कापड, वाळल्यावर साधं मेण, बस. भोवतीचा रंग फिकटच ठेवायचा की नावांच्या चौकटीपर्यंत नवा आणायचा, हे तुम्ही आणि दादा मिळून ठरवा. मला विचाराल तर मी अख्ख्या फाळक्याचा बाहेरचा चेहरा जुनाच ठेवेन आणि नव्या पट्टीला त्या फिकट रंगाशी जुळवून घेईन.

हातोडीने चेसिस तपासून झाली की कुठे बद्द वाजलं ते खडूने खुणा करून फोटो पाठवा. केबिनच्या माउंटचे फोटो जरा जवळून घ्या. ग्राइंडर त्यानंतर बाहेर काढा.